दाराला टेकून

१

दर रविवारी सकाळचा चहा झाला की वाल्मीक मोजपट्टी खिशात टाकून पेठ रोडला जायचा. तिथं पाडलेल्या घरांचं सामान विकणारं एक आवार होतं. खिडक्यांचे गज, वॉशबेसिनं, जिन्याचे कठडे, कुणाच्या तरी देव्हाऱ्याची कमान, असं सगळं उघड्यावर रचलेलं असायचं. त्यातून आपल्या मापाचं नेमकं हुडकून काढण्यात तो आता चांगला तयार झाला होता. मखमलाबादच्या त्यांच्या घराचं काम चार महिने असंच चाललं होतं. ओट्याचा ग्रॅनाइट एका बंद पडलेल्या खाणावळीतला, पुढच्या खोलीची फरशी दोन वेगवेगळ्या घरांतून जमवलेली, बाथरूमचं दार कुठल्याशा दवाखान्याचं. घासूनपुसून बसवलं की पाहणाऱ्याला कळत नसे.

आणि पाहणाऱ्याला कळू नये, हीच वाल्मीकची सगळी धडपड होती. अंबडच्या ज्या कंपनीत तो स्टोअर सांभाळायचा तिथं त्यानं सांगून ठेवलं होतं, की घर पूर्ण नवीन करून घेतोय. मुलीचं, वेदिकाचं, लग्न ठरत आलं होतं. मुलगा दीपक, गंगापूर रोडला स्वतःचा फ्लॅट, घरची माणसं शिकलेली. ती मंडळी एकदा घर बघायला येणार होती, आणि त्यांचं समाधान झालं की साखरपुडा इथंच, याच घरात.

घर पुरेसं चकाचक झालंही असतं. पण घरात अप्पा होते.

अप्पा म्हणजे वाल्मीकचे वडील, भिमाजी. वाल्मीकची आई सहा वर्षांपूर्वी गेली, त्यानंतर त्यांचं विसरणं सुरू झालं. घरामागं त्यांचा भाजीचा आणि फुलांचा मळा होता तो कधीच विकला गेला होता, तिथं आता बिल्डिंगा होत्या. अप्पा नजर चुकवून बाहेर पडत आणि त्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जाऊन उभे राहत. "इथं माझी शेवंती हे. गाड्या काढा," असं वॉचमनला सांगत. एकदा त्यांनी तिथंच, गाड्यांमध्ये, धोतर सोडलं. वॉचमन दंडाला धरून त्यांना घेऊन आला तेव्हा वरच्या बाल्कन्यांमधून बायका बघत होत्या. वाल्मीकनं त्या दिवशी वडिलांना आत ओढलं आणि मग बराच वेळ तो दारामागं नुसता उभा राहिला. वॉचमनचे आभार मानायलाही त्याला बाहेर जाववेना.

२

अप्पांची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. पूर्वी तिथं भाजीच्या पाट्या आणि बियाणं ठेवत. दार नव्हतं, पडदा होता. आता तिथं दार लावायचं ठरलं.

आवारात त्या मापाची तीन दारं निघाली. दोन प्लायवूडची, बरी होती. तिसरं सागाचं, जुनं, जाड. त्याला बाहेरच्या बाजूनं पितळी कडी होती. हात लागून लागून तिची मूठ बारीक झाली होती. वाल्मीकनं ती सरकवून पाहिली. ती जराही न कुरकुरता सरकली. दार फिरवून त्यानं आतली बाजू पाहिली. तिथं ना कडी होती, ना मूठ, ना कधी असल्याची भोकं.

"हे कुठलं?" त्यानं विचारलं.

"गावातलं घर पाडलं एक. मागच्या खोलीचं हे," आवारातला म्हातारा म्हणाला. "लय दिवस पडून हे. लोक येतात, बघतात, कडीला हात लावतात आन् ठिवून देतात. तुम्ही ते प्लायवूडचं न्या."

"साग आहे ना पण," वाल्मीक म्हणाला.

घरी येताना टेम्पोत बसून तो मनाशी तेच घोळवत होता. साग आहे. माप बसतंय. प्लायवूड दोन पावसाळ्यांत फुगतं. एवढी कारणं एका दारासाठी कुणी जमवत नाही हे त्याच्या लक्षात आलं, तसा तो रस्त्यावरच्या पाट्या वाचू लागला.

३

दार बसवायला देवराम मिस्त्री आला. त्यानं कडीकडं पाहिलं, मग वाल्मीककडं.

"ही आतून घेऊ का?"

"नको. लाकूड फुटेल."

देवराम तीस वर्षं सुतारकाम करत होता. लाकूड फुटणार नाही हे त्याला कळत होतं. शुभांगी, वाल्मीकची बायको, चहा घेऊन आली होती, तीही थबकली.

दुपारपर्यंत दार चौकटीत बसलं. ते आतल्या बाजूला उघडायचं. देवरामनं ढकलून पाहिलं तर अर्ध्यात अडलं. खालून रंधा मारला, पुन्हा ढकललं, पुन्हा तिथंच अडलं. त्यानं वाकून फरशी पाहिली. दाराखाली बोटभर मोकळी जागा होती.

"म्हाताऱ्याला म्हणा, पाय घ्या बाजूला," तो वैतागून म्हणाला. "आतून रेटून बसलेत."

"अप्पा तर ओसरीवर आहेत," शुभांगी म्हणाली.

तिघांनीही ओसरीकडं पाहिलं. अप्पा उन्हात बसून शेंगा सोलत होते. देवरामनं पुन्हा दाराला हात लावला आणि या खेपेला ते अलगद, शेवटपर्यंत उघडलं. आत लोखंडी कॉट होती, खिडकी होती, रिकामी खुर्ची होती.

"दोन जागची फरशी हे तुमची," देवराम हत्यारं पिशवीत भरत म्हणाला. "उंचसखल बसली असंल."

जेवायला थांबा म्हटलं तर तो थांबला नाही.

४

दाराला रंग वाल्मीकनंच दिला. आतल्या बाजूला एक डाग होता. उभ्या माणसाच्या उंचीवर नव्हे, खाली, जमिनीपासून हात-दीड हातावर. गोल, काळपट, गुळगुळीत. वर्षानुवर्षं एकाच जागी डोकं टेकून बसलं की भिंतीला जसा तेलाचा डाग पडतो, तसा. त्यानं तो टर्पेंटाइननं पुसला, पॉलिश पेपरनं घासला, वर दोन हात ऑइलपेंट दिला. तिसऱ्या दिवशी डाग रंगातून वर आला. बोट लावलं तर बोटाला तेल लागलं. खोबरेलाचा ताजा वास होता.

अप्पांचं असणार, त्यानं ठरवलं. पण अप्पांच्या डोक्यावर केस नव्हते आणि ते तेल लावत नव्हते.

त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "अप्पा, तुम्ही दाराला टेकून बसता का?"

"मी कॉटवर बसतो," अप्पा म्हणाले. "दाराशी ती बसती."

"कोण ती? आई?"

अप्पांना या प्रश्नाचं नवल वाटलं. "तुझी आई मेली ना रं? ही दुसरीच कोणतरी हे. बोलत नाय फारशी. मी सांगितलं, कॉटवर बस, तर म्हणती, इथं बरं पडतं, कोण आलं का लगेच कळतं."

वाल्मीक हसला. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, या आजारात नसलेली माणसं दिसतात. तो उठला, दाराबाहेर आला आणि दार ओढून घेताना त्याच्या लक्षात आलं, की आपण ते हळू ओढतोय, कुणाला लागू नये इतकं हळू.

५

कडी पहिल्यांदा लावली ती पाच मिनिटांसाठी. गॅसवाला आला होता, पुढचं दार उघडं टाकायला लागणार होतं, आणि अप्पा चपला शोधत होते. वाल्मीकनं त्यांना खोलीत बसवलं, दार ओढलं आणि कडी सरकवली. गॅसवाला गेल्यावर लगेच काढली. अप्पा कॉटवर शांत बसले होते. त्यांना कळलंही नव्हतं.

मग ती अर्धा तास लागू लागली. शुभांगी ब्लाउज शिवायची, गिऱ्हाईक बायका यायच्या, तेवढ्यापुरती. मग दुपारभर. कडी लावताना ती दोघं एकमेकांकडं बघत नसत.

नवल म्हणजे अप्पा निवळले. आदळआपट बंद झाली. आतून त्यांच्या बोलण्याचा आवाज यायचा, शेवंतीचा, बाजाराचा, कुठल्या तरी जुन्या पाण्याच्या पाळीचा. मधे थांबत थांबत बोलायचे, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखं. शुभांगी एकदा म्हणाली, "बरे असतात हो आत." मग स्वतःच्याच बोलण्यानं ती ओशाळली आणि मशीन चालवू लागली.

फक्त दार जड झालं होतं. कडी काढून ढकललं की आधी ते हलायचं नाही. दगडासारखं अडलेलं नव्हे. पोत्याला रेटल्यासारखं, मऊ. मग आत काहीतरी आवरल्यासारखं व्हायचं, आणि वाट मिळायची. वाल्मीकनं बिजागऱ्यांना तेल घातलं. देवरामला फोन केला तर तो म्हणाला, सध्या सिन्नरला काम धरलंय, जमायचं नाही.

६

दीपकच्या घरची मंडळी रविवारी चार वाजता येणार होती. अप्पांना दोन दिवस विंचूरला, वाल्मीकच्या बहिणीकडं ठेवायचं ठरलं होतं. शनिवारी तिचा फोन आला, सासू आजारी आहे, जमणार नाही.

"बसू द्या त्यांना बाहेर," शुभांगी म्हणाली. "स्वच्छ धोतर नेसवू. माणूस म्हातारं होतं, त्यात लपवायचं काय?"

"आणि तिथंच धोतर सोडलं तर?"

शुभांगीनं हातातलं धोतर पुन्हा घडी घालून ठेवलं.

साडेतीनला वाल्मीकनं अप्पांना भात भरवला, गोळी दिली आणि खोलीत नेलं. अप्पांनी त्याचं मनगट धरलं. "डोकं लय जड झालंय रं," ते म्हणाले.

"पडा जरा. तासाभरात येतो."

त्यानं कडी लावली आणि वर नवा पडदा सोडला. दार आहे हेसुद्धा कळत नव्हतं.

मंडळी आली. दीपक, त्याचे वडील आणि आई विमलाबाई. विमलाबाई मोजकं बोलणाऱ्या, नजर मात्र चौकस. फरशी कुठली विचारली, ओटा छान आहे म्हणाल्या. वाल्मीकनं सगळं नवीन असल्याचं सांगितलं. वेदिका चहा घेऊन आली.

"आणि आजोबा?" दीपकनं तिला विचारलं.

"ते विंचूरला गेलेत, आत्याकडं," वाल्मीकनं मधेच उत्तर दिलं.

वेदिकानं बापाकडं पाहिलं. मग तिची नजर पडद्याकडं गेली, आणि ती ट्रेमधले कप उगाच नीट करू लागली. तिचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात टकटक झाली.

फार जोराची नव्हती. तीन वेळा, सावकाश. उघडतीलच अशी आशा नसलेल्या माणसानं, तरीही वाजवावं तशी. बोलणं थांबलं.

"शेजारी फरशीचं काम चालू आहे," वाल्मीक म्हणाला.

पुन्हा टकटक झाली. या वेळी न थांबता, एकसारखी. स्वयंपाकघरात शुभांगी भजी तळत होती, एक्झॉस्ट फॅन घरघरत होता, तिला काही कळत नव्हतं. विमलाबाईंनी हातातला कप खाली ठेवला. पडद्यामागून आता टकटकीच्या जोडीला आणखीही काही ऐकू येऊ लागलं, आणि वाल्मीक ताडकन उठला. क्षणभर सगळे त्याच्याकडं बघत राहिले.

"चला," तो म्हणाला, "गच्ची दाखवतो. चामरलेण्याचा डोंगर सगळा दिसतो वरून."

गच्चीवर त्यानं त्यांना, वेदिकासकट, पाऊण तास उभं केलं. डोंगर दाखवला, टाकी दाखवली, पूर्वी मळा कुठवर होता ते दाखवलं. दीपकचे वडील मान डोलवत होते. विमलाबाई जिन्याच्या तोंडाशीच थांबल्या होत्या, खाली कान देऊन.

७

गाडी कोपऱ्यावरून वळल्यावर तो धावत आत आला. पडदा बाजूला केला, कडी काढली, ढकललं. दार हलेना.

"अप्पा," तो म्हणाला. "अप्पा, उघडा. सरका तिकडं."

अप्पाच दाराशी पडलेत, त्याला वाटलं. चक्कर आली असेल, दारापर्यंत आले, वाजवत राहिले आणि तिथंच कोसळले. त्यानं खांदा लावून रेटलं. चार बोटं फट झाली. त्यानं खाली वाकून आत पाहिलं.

दाराच्या कडेशी, जमिनीवर, कुणीतरी बसलेलं होतं. त्याला चेहरा दिसला नाही. विटक्या हिरव्या लुगड्याचा काष्टा दिसला, आणि त्याखाली भेगा पडलेली एक टाच. दार टेकताच ती बाई बसल्या बसल्या सरकली. गुडघे पोटाशी घेऊन, पदर आवरून, अरुंद घरातल्या बायका येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट देतात तशी. तिच्या सरकण्यात नाराजी नव्हती. सवय होती.

दार उघडलं आणि भिंतीला जाऊन टेकलं. त्याच्यामागं कुणी मावेल एवढी जागाच उरली नव्हती.

अप्पा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली पडले होते. एक हात अंगाखाली दुमडलेला, तोंड वाकडं, डोळे उघडे. ते दाराकडंच बघत होते. वाल्मीकनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि हाक मारायला तोंड उघडलं, पण काय हाक मारावी ते त्याला सुचलं नाही. पाठीमागून वेदिका आली. तिनं आजोबांची नाडी पाहिली, फोन काढला, अॅम्ब्युलन्स बोलावली. सगळं झाल्यावर वळली.

"तुम्ही ऐकलं होतं ना, पप्पा?"

"टकटक झाली," तो म्हणाला. "मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी मागतायत."

ती दाराकडं गेली आणि तिथून आजोबांपर्यंतचं अंतर तिनं डोळ्यांनी मोजलं.

८

अप्पा वाचले. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितलं, झटका आल्याबरोबर पडले असणार, जागचं हलणं शक्यच नव्हतं, आणि तासभर आधी आणलं असतं तर बराच फरक पडला असता. डॉक्टरांचं बोलणं साधं होतं, त्यात कुठं दोष दिलेला नव्हता. वाल्मीकनं सगळं मान खाली घालून ऐकलं. शुभांगीनं त्याच संध्याकाळी घरी जाऊन कडी उचकटून फेकून दिली. दार मात्र तसंच राहिलं.

चौथ्या दिवशी दुपारी, भेटायच्या वेळेला, विमलाबाई एकट्याच आल्या. अप्पांच्या पायांना हात लावून नमस्कार केला. मग वाल्मीकला घेऊन बाहेर बाकावर बसल्या.

आता ही सोयरीक मोडणार, त्याला वाटलं. मोडावी, असंही वाटलं.

"पडदा वाऱ्यानं हलला होता," त्या म्हणाल्या. "कडी मी पाहिली. आजोबा विंचूरला नाहीत हे मला तेव्हाच कळलं."

वाल्मीकला वाटलं, या बाकाखाली शिरून बसावं.

"मी भांडायला नाही आले. माझ्या सासऱ्यांचं शेवटी शेवटी आम्हीही काय काय केलंय, ते मी कुणाला सांगत नाही. एका जागी बसत नाही असा म्हातारा माणूस सांभाळणं काय असतं, मला माहीत आहे." त्या थांबल्या. "पण त्यांच्याबरोबर त्या बाईंना कशाला कोंडलंत?"

त्यानं वर पाहिलं.

"किती विनवत होत्या हो त्या. 'म्हातारबा पडलेत, दार उघडा. वाल्मीक, म्हातारबा पडलेत.' मला सोफ्यावर स्पष्ट ऐकू येत होतं. यांना आणि दीपकला नुसती टकटक आली म्हणतात, पुरुषांचं लक्ष कुठं असतं. तुम्ही उठलात ना, मला वाटलं, उघडायलाच उठलात. म्हणून मी बोलले नाही. परक्या घरात कसं बोलावं? मग तुम्ही गच्चीकडं निघालात."

व्हरांड्यातून एक नर्स चाकाची खुर्ची ढकलत गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत वाल्मीक तिच्याकडं बघत राहिला. आत कुणीच नव्हतं, असं तो म्हणू शकला असता. विमलाबाईंचा विश्वास बसला नसता, पण म्हणता आलं असतं. फक्त तेच एक त्याच्यानं म्हणवेना. वेदिकाला त्यानं टकटक सांगितली होती. शब्द सांगितले नव्हते. शब्द त्यालाही ऐकू आले होते, सगळे, स्वतःच्या नावासकट, आणि ते ऐकूनच तो उठला होता. आवाज बाईचा आहे हेही त्याला कळलं होतं. अप्पा पडलेत, हे त्याला जिन्याची पहिली पायरी चढण्याआधी ठाऊक होतं.

"कोण लागतात तुमच्या?" विमलाबाईंनी विचारलं.

"घरातल्याच आहेत," वाल्मीक म्हणाला.

"आता कुठं आहेत?"

"घरीच. आहेत तिथंच."

विमलाबाईंनी मान हलवली. जरा वेळानं त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला, आणि त्या स्पर्शानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "आजोबांना बरं वाटलं की साखरपुडा करू. पण माझं एवढं एक ऐकायचं. त्यांना पुढच्या खोलीत, सगळ्यांबरोबर बसवायचं. घरातल्या थोरल्या बाईचा मान असतो. साडी मी घेऊन येईन त्यांना."

वाल्मीक बाकाच्या कडेचा निघालेला रंग नखानं खरवडू लागला.

"सहावारी नेसतात का नऊवारी?"

त्यानं डोळे मिटले.

"नऊवारी," तो म्हणाला.